अभियांत्रिकीची वाट गणिताच्या वर्गातून जाते

(सुपा, ता. पारनेर येथे पालक व विद्यार्थी यांच्या सभेत एका वकील बंधूंनी केलेले भाषण)



आजच्या सभेचा विषय शास्त्र व गणित हा आहे आणि त्यावर बोलण्यासाठी आपण एका वकिलास पाचारण केले आहे. हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु ह्या विषयाची निकड मला माझ्या धंद्यामुळेच अधिक जाणवते. हक्काची जागा नाकारली गेली, दाखला अडवला गेला, शिष्यवृत्ती थकली, तर वकील न्यायालयात उभा राहू शकतो. परंतु जागा मिळाली, दाखला मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली आणि मुलाला अपूर्णांकाचा भागाकार येत नाही, तर त्यावर दाद मागण्यासाठी कोणतेही न्यायालय नाही. कायद्याने जागा राखून ठेवता येते, गणित राखून ठेवता येत नाही. ते ज्याचे त्यालाच, लहानपणी, रोज थोडे थोडे मिळवावे लागते.

कारखाना दारात आला, पुढे काय?

हा प्रश्न सुप्यात विचारण्यास विशेष कारण आहे. पारनेर तालुका हा अवर्षणाचा तालुका. येथील माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पावसाची वाट पाहिली आणि पाऊस आला नाही तेव्हा मुंबई-पुण्याची वाट धरली. आता पुणे-नगर रस्त्यावरच्या ह्या गावी औद्योगिक वसाहत उभी राहिली आहे, जपानी कंपन्यांसाठी स्वतंत्र औद्योगिक क्षेत्र आखले गेले आहे. पूर्वी कामासाठी गाव सोडावे लागे, आज काम गावाच्या वेशीशी आले आहे.

परंतु कारखान्याला एकच दार असले तरी आत जाणारे सारे एकाच जागी जाऊन बसत नाहीत. कोणी माल उचलतो, कोणी फाटकावर पहारा करतो, कोणी यंत्र चालवतो, कोणी बिघडलेले यंत्र दुरुस्त करतो आणि कोणी त्या यंत्राचा आराखडा तयार करतो. ह्या साऱ्यांचे श्रम सन्माननीय आहेत, ह्याबद्दल माझ्या मनात किंचितही शंका नाही. प्रश्न एवढाच आहे की, ह्या पायऱ्यांपैकी आपली मुले कोणत्या पायरीवर उभी राहणार आणि ते कोण ठरवणार? सतराव्या वर्षी मुलगा शाळा सोडून कंत्राटदाराकडे रोजंदारीवर लागतो. पहिल्या महिन्याचा पगार घरात येतो, आईबाप समाधान पावतात. तो पगार खोटा नसतो, घराची गरजही खोटी नसते. परंतु त्या दिवशी त्या मुलाची पायरी ठरून जाते आणि ती बहुधा जन्मभर बदलत नाही.

विणकाम खात्याचा धडा

यंत्राजवळची चांगली जागा कोणाला मिळते, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपले हजारो लोक राबत होते. परंतु विणकाम खात्यात, जेथे मजुरी अधिक होती, तेथे त्यांना मज्जाव होता. कारण काय? धोट्यातील कांडी बदलताना नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धाग्यास इतर कामगार तोंड लावावयास तयार नसत. यंत्र विलायतेचे होते, त्याला जात ठाऊक नव्हती. जात त्याच्याभोवती उभ्या असलेल्या माणसांत होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांसमोर हा प्रश्न ठेवला आणि विणकाम खाते आपल्या लोकांना खुले करण्याची मागणी लावून धरली.

ह्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. अधिक कौशल्याची, अधिक मोबदल्याची जागा कोणी आपण होऊन दिलेली नाही. त्या काळी तिच्या आड विटाळ होता. आज कायद्याने तो अडसर काढला आहे. परंतु दहावीत गणित सोडून दिले, अकरावीत शास्त्र शाखा टाळली, तर पूर्वी दुसऱ्यांनी बंद केलेले दार आपण आपल्याच हाताने बंद करतो. भेदभाव आजही संपलेला नाही, हे मी जाणतो. तो संपवण्याचा लढा चालूच राहील. मात्र त्या लढ्याच्या निकालाची वाट पाहत मुलाची आठवी-नववी थांबून राहत नाही.

बाबासाहेबांची १९४२ ची मागणी

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात त्यांनी व्हाइसरॉयना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सादर केले. त्यातील शिक्षणविषयक भाग प्रत्येक पालकाने समजून घ्यावा असा आहे. त्यांचे म्हणणे असे होते की, कला आणि कायदा ह्या शाखांच्या शिक्षणाने आपल्या वर्गाची उन्नती फारशी होणार नाही, खरी मदत होईल ती शास्त्र व तंत्रविद्येच्या उच्च शिक्षणाने. आपली मुले कला व कायद्याकडे जातात ती आवडीने नव्हे, शास्त्रशिक्षणाचा खर्च झेपत नाही म्हणून. म्हणून सरकारने ह्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात आणि परदेशी शिक्षणासाठीही तरतूद करावी.

हे कोण म्हणत होते? कोलंबिया व लंडन येथे अर्थशास्त्राचे शिक्षण घेतलेले बॅरिस्टर म्हणत होते. कायद्याचे सामर्थ्य ज्यांनी हिंदुस्थानात सर्वाधिक ओळखले, त्यांनीच आपल्या मुलांना प्रयोगशाळेकडे बोट दाखवले. मीही विधी महाविद्यालयाचाच पदवीधर आहे आणि हे निवेदन आपल्यापुढे मांडताना मला संकोच वाटत नाही. समाजाला वकील हवेतच. परंतु सारा समाज अर्ज लिहिणाऱ्यांचा होऊन चालत नाही, त्यात बांधणारेही हवेत.

बाबासाहेब केवळ मागणी करून थांबले नाहीत. १९४४ साली भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, ती आजही चालू आहे. त्याच काळात त्यांच्या खात्याकडे पाटबंधारे व वीज हे विषय होते. दामोदर खोरे योजनेची पायाभरणी, केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळाची स्थापना ही त्याच वर्षांतील कामे होत. स्वस्त व मुबलक विजेवाचून देशात उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांवाचून दारिद्र्य हटणार नाही, अशी त्यांची धारणा होती. १९४६ साली मुंबईत त्यांच्या संस्थेचे सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेही कला आणि विज्ञान ह्या दोन्ही शाखांचे.

डोंगरावरचे गणित

आता मी विद्यार्थी मित्रांशी बोलतो. आपण म्हणता, गणित कोरडे आहे, त्याचा जगण्याशी संबंध काय? संबंध पाहावयास लांब जावयास नको. सुप्याच्या परिसरात कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांची पाती आपण येता-जाता पाहतो. ती पाती किती वीज देतील, हे गणिताने ठरते.

वाऱ्यातून मिळणारी शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. म्हणजे वेग दुप्पट झाला तर शक्ती दुप्पट होत नाही, दोन गुणिले दोन गुणिले दोन, अशी आठपट होते. सेकंदाला ४ मीटर वेगाचा वारा आणि ८ मीटर वेगाचा वारा ह्यांत अंगाला जाणवणारा फरक थोडा वाटेल, परंतु त्यांतील शक्तीचा फरक आठपट आहे. म्हणूनच पवनचक्की सपाटीवर न बांधता डोंगरमाथ्यावर, वारा अधिक वेगाने वाहतो तेथे बांधतात. तसेच पात्याची लांबी दुप्पट केली तर पाते फिरून जे वर्तुळ होते, त्याचे क्षेत्रफळ चौपट होते, कारण वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. घन आणि वर्ग हे आपण शाळेत पाठ केले, तेच डोंगरावर उभे आहेत.

दुसरे उदाहरण घ्या. एखाद्या उंच मनोऱ्यापासून सपाट जमिनीवर ६० मीटर अंतरावर उभे राहा. कंपासपेटीतील कोनमापकाच्या मध्याला दोरा व खडा बांधून ओळंबा करा आणि कोनमापकाच्या सरळ कडेने मनोऱ्याचे टोक पाहा. तो कोन ४५ अंशांचा भरला तर टोक आपल्या डोळ्यापासून ६० मीटर उंच आहे. त्यात जमिनीपासून डोळ्यापर्यंतची उंची मिळवा, मनोऱ्याची उंची मिळाली. दहावीच्या भूमितीतील त्रिकोणमिती ती हीच. मनोऱ्यावर न चढता त्याची उंची सांगणे, हे अभियंत्याचे पहिले काम होय.

तिसरे उदाहरण पाण्याचे. आपल्याच तालुक्यातील राळेगणसिद्धीत पाणलोटाचे काम कसे झाले, हे आपण जाणता. डोंगरउतारावर १० मीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद व ३० सेंटीमीटर खोल असा एक चर खणला, तर त्यात १.८ घनमीटर, म्हणजे १,८०० लिटर पाणी एका वेळी मावते. असे किती चर हवेत, ते कोणत्या पातळीवर हवेत, म्हणजे पाणी एका टोकाला धावून बांध फुटणार नाही? हे सारे महत्त्वमापन आहे. अवर्षणग्रस्त तालुक्यातील मुलाला गणिताचा उपयोग विचारण्याचे खरोखर कारण नाही.

निम्मे गुण एकट्या गणिताचे

अभियांत्रिकीच्या पदवीला प्रवेश हवा असेल, तर बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय असावेच लागतात. राज्याची जी सामायिक प्रवेश परीक्षा, जिला सर्वजण ‘सीईटी’ म्हणतात, तिची रचना नीट पाहा. भौतिकशास्त्राचे ५० प्रश्न, रसायनशास्त्राचे ५० आणि गणिताचे ५०. परंतु पहिल्या दोन विषयांत प्रत्येक प्रश्नास एक गुण, तर गणितात प्रत्येक प्रश्नास दोन गुण. एकूण २०० गुणांपैकी १०० गुण एकट्या गणिताचे! चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत. सुमारे ८० टक्के भाग बारावीचा, २० टक्के अकरावीचा. म्हणजे अकरावीचे वर्ष विश्रांतीचे समजणाऱ्याने पाचवा हिस्सा आधीच सोडून दिला, असे होते. आयआयटीकडे जाणारी जी जेईई परीक्षा, तिच्या पहिल्या टप्प्याचा पेपर २०२१ पासून मराठीतूनही देता येतो. तेथे मात्र चुकीच्या उत्तरास गुण वजा होतात, हे ध्यानी ठेवावे.

परंतु खरी तयारी अकरावीत सुरू होत नाही. माझ्या मते ती पाचवी ते आठवीत होते किंवा होतच नाही. अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी आणि ऋण संख्या ही पाच पायाभूत प्रकरणे होत. ज्याला ही पाच येतात, त्याला बीजगणितात अक्षरांची भीती वाटत नाही. ज्याला बीजगणित येते, त्याला भौतिकशास्त्रातील सूत्रे पाठ करावी लागत नाहीत, ती मांडता येतात. अकरावीत कलनशास्त्राची ओळख होते, तेव्हा अडखळणारा विद्यार्थी बहुधा कलनशास्त्रावर अडखळत नसतो. तो सहावीतल्या अपूर्णांकावर अडखळत असतो. म्हणून आठवी-नववीच्या मुलाला गणित अवघड जात असेल, तर त्याला लाज न वाटू देता पाचवी-सहावीचे पुस्तक पुन्हा हाती द्यावे. दोन-तीन महिन्यांत मागची पोकळी भरून निघू शकते.

भाषेचीही एक अडचण आहे. आपली मुले दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि अकरावीत शास्त्र शाखेचा वर्ग इंग्रजीतून चालतो. विषय तोच असतो, परंतु शब्द बदलल्याने तो परका वाटतो आणि हुशार मूल मागील बाकावर जाऊन गप्प बसते. ह्यावर उपाय साधा आहे. आठवीपासून एक वही करावी. डाव्या बाजूस ‘त्वरण’, उजव्या बाजूस ‘ॲक्सिलरेशन’. डाव्या बाजूस ‘घनता’, उजव्या बाजूस ‘डेन्सिटी’. रोज दोन शब्द लिहिले तरी वर्षाला सातशेहून अधिक होतात. अर्थ मराठीत पक्का असला की इंग्रजी शब्द त्यावर बसतो. अर्थच नसला तर कोणत्याही भाषेतला शब्द तरंगत राहतो.

एकच रस्ता नव्हे

बारावी व पदवी हाच एक मार्ग नव्हे. दहावीनंतर तंत्रनिकेतनाचा तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो. जिल्ह्याच्या ठिकाणी, अहिल्यानगरला, शासकीय तंत्रनिकेतन आहे. डिप्लोमानंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मिळण्याची सोय आहे. ज्या घरी मुलाच्या कमाईची वाट फार दिवस पाहता येत नाही, त्या घरास हा मार्ग सोयीचा. आयटीआयचा मार्गही आहे. सांगली जिल्ह्यातील पेड गावचे अशोक खाडे हे दलित कुटुंबातले. मुंबईच्या माझगाव गोदीत काम करीत असताना त्यांनी संध्याकाळच्या वर्गात यांत्रिकी अभियांत्रिकीचा डिप्लोमा पुरा केला आणि पुढे भावांसह समुद्रातील तेलविहिरींच्या मंचांची कामे करणारी कंपनी उभी केली. नोकरी करावी लागली म्हणून शिक्षण संपले, असे त्यांनी मानले नाही.

कागद वेळेवर हवेत

आता दोन शब्द माझ्या धंद्याचे. आपली राज्यघटना अंमलात आल्यावर लगेच मद्रासमधील वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या जागांवरून वाद उभा राहिला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली तेथील जागावाटप रद्द केले. त्यानंतर त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५ मध्ये चौथे उपकलम आले. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. शिक्षणातील राखीव जागांना जो घटनात्मक आधार आहे तो हा. आयआयटीत अनुसूचित जातींसाठी राखीव जागा १९७३ साली आल्या. परंतु धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळण्यासाठी १९९० च्या कायद्याची वाट पाहावी लागली. धर्मांतर १९५६ चे आणि कायदा १९९० चा. मधल्या चौतीस वर्षांत किती मुलांच्या हातून संधी निसटल्या असतील, ह्याचा विचार करा आणि आज जे मिळते ते हलगर्जीपणाने दवडू नका.

राखीव जागेवर प्रवेशासाठी जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा महत्त्वाचा असतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, गावच्या जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा, म्हणजे गाव नमुना १४, असे कागद शोधून ठेवावेत. आजोबांच्या दाखल्यावर पूर्वाश्रमीची जात आणि नातवाच्या दाखल्यावर केवळ ‘बौद्ध’ असे असेल, तर दोहोंचा वंशावळीने मेळ घालावा लागतो. नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी तर पूर्वीचा एकही कागद टाकून देऊ नये. नवा धर्म मनाने स्वीकारला, तरी जुना कागद मुलाच्या शिक्षणासाठी जपावा लागतो. अर्ज अकरावीतच करावा. निकाल लागल्यावर धावपळ करणाऱ्यास हक्क असूनही वेळ राहत नाही. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, तिचीही चौकशी करावी.

घराचे कर्तव्य

माता-पित्यांनो, आपणांपैकी अनेकांना वाटते की, आम्हाला गणित येत नाही, आम्ही काय शिकवणार? शिकवण्याची अपेक्षाच नाही. आपण तीन गोष्टी करू शकता. रोज एक तास घरात दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवणे ही पहिली. ‘आज किती गणिते सोडवली, कोणते अडले?’ एवढे विचारणे ही दुसरी. जे गणित अडले ते दुसऱ्या दिवशी गुरुजींना किंवा बाईंना विचारले की नाही, ह्याचा पाठपुरावा करणे ही तिसरी. जो मुलगा अडलेले विचारतो तो हुशार, न विचारणारा नव्हे. प्रमेय कोणी सांगितले म्हणून खरे नसते, सिद्ध करता येते म्हणून खरे असते. प्रश्न विचारून, पारखून घेण्याची जी शिकवण आपण स्वीकारली, तिला शोभणारा असा हा विषय आहे.

आणि हे सारे मी मुलीसाठीही तितक्याच आग्रहाने सांगतो. ‘मुलीला शास्त्र झेपणार नाही’ हे वाक्य आपल्या घरातून हद्दपार झाले पाहिजे. महाराष्ट्राबाहेरचे एक उदाहरण सांगतो. मद्रासच्या ए. ललिता ह्यांना अठराव्या वर्षी वैधव्य आले, पदरी तान्ही मुलगी होती. त्यांनी गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश घेतला, १९४० च्या दशकात त्या विद्युत अभियंता झाल्या आणि पुढे भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या विद्युतवाहिन्यांच्या आराखड्यांवर त्यांनी काम केले. ज्या काळी विधवेस घरातही मान नव्हता, त्या काळची ही गोष्ट. मग आजच्या सुप्यात, शाळा जवळ असताना, आपल्या मुलीस गणिताचे पुस्तक मिटावयास सांगण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

बंधू-भगिनींनो, मी एक प्रत्यक्ष काम सुचवून आपली रजा घेतो. आपल्या वस्तीत जे समाजमंदिर किंवा विहार असेल, तेथे दररोज संध्याकाळी एक तास गणिताचा वर्ग भरवावा. शिकवण्यासाठी बाहेरून कोणास आणण्याची गरज नाही. तंत्रनिकेतनात जाणाऱ्याने दहावीच्या मुलास शिकवावे, दहावीच्या मुलाने सातवीच्या मुलास शिकवावे. दुसऱ्यास शिकवणाऱ्याचे स्वतःचे गणित पक्के होते, हा त्यातला लाभ वेगळाच. एक फळा, एक दिवा आणि बसावयास सतरंजी, एवढ्या भांडवलावर हे काम सुरू होते. ज्या कुटुंबांनी एका वर्षात आपल्या मुलांची गणिताची भीती घालवली, त्यांनी बाबासाहेबांच्या १९४२ च्या मागणीस आपल्या परीने उत्तर दिले, असे मी मानीन. सरकारकडून मागावयाचे ते मागूच. परंतु हा एक तास आपणच आपणांस द्यावयाचा आहे.

जय भीम.